मूलभूत वैद्यकशास्त्र आणि रुग्णसेवा यांना जोडणारे पदव्युत्तर शिक्षण: मराठवाड्यातील विद्यार्थी आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मराठवाड्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत लातूर, परभणी, हिंगोली, बीड अशा ठिकाणांहून विद्यार्थी आणि त्यांचे पालक विभागात येतात, आणि त्यांचे बरेचसे प्रश्न दर वर्षी तेच असतात. ते येथे एकत्र केले आहेत. नियम, शुल्क आणि तारखा बदलत राहतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका अवश्य पाहावी.

प्रश्न 1. मूलभूत शास्त्र आणि रुग्णसेवा ‘जोडणे’ म्हणजे नेमके काय?

वॉर्डमधून रक्ताचा एक नमुना येतो आणि यंत्र पोटॅशियम 7.2 दाखवते. एवढे पोटॅशियम खरोखरच असेल तर हृदयाचे ठोके कोणत्याही क्षणी बिघडू शकतात, म्हणून निवासी डॉक्टरांची धावपळ सुरू होते. ईसीजी काढला तर तो व्यवस्थित निघतो आणि रुग्ण खाटेवर बसून चहा पीत असतो. फक्त यंत्राकडे पाहणारा माणूस सांगतो की कॅलिब्रेशन सकाळीच झाले आहे, आकडा बरोबर आहे; फक्त रुग्णाकडे पाहणारा म्हणतो की लॅबवाल्यांनी पुन्हा घोळ घातला. नळी हातात घेऊन उजेडात धरली की उत्तर दिसते. वर आलेला सीरमचा थर फिकट पिवळा असायला हवा, तो गुलाबी झालेला असतो. तांबड्या पेशींच्या आत बाहेरच्या द्रवापेक्षा वीसपटीहून अधिक पोटॅशियम असते. सिरिंजमधले रक्त बारीक सुईतून जोराने नळीत ढकलले की पेशी फुटतात आणि आतले पोटॅशियम बाहेर पडून आकडा फुगतो.

पोटॅशियम पेशीच्या आत ओढून ठेवणारा, पेशीच्या पडद्यावरचा सोडियम-पोटॅशियम पंप पहिल्या वर्षाला सगळेच पाठ करतात. तो पंप, ती गुलाबी नळी आणि तो चहा पिणारा रुग्ण या तिन्ही गोष्टी एकाच वेळी ज्याच्या डोळ्यांसमोर येतात, त्याच्या बाबतीत ही जोडणी झाली असे मी मानते. पदवीचे नाव काहीही असो, हे शिक्षण त्यासाठी आहे.

प्रश्न 2. अशा शिक्षणाची कल्पना कोठून आली?

वैद्यकीय पदवी आणि पीएच.डी. या दोन्हींचे एकत्रित शिक्षण देण्याची मोठी सरकारी योजना अमेरिकेत 1964 मध्ये सुरू झाली. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी ‘मेडिकल सायंटिस्ट ट्रेनिंग प्रोग्रॅम’ या नावाने सुरुवातीला तीन विद्यापीठांना निधी दिला. त्या योजनेतून डॉक्टर प्रयोगशाळेत आले, पण प्रयोगशाळेतला माणूस वॉर्डात गेला नाही. पुढे रेणुजीवशास्त्र इतके वाढले की पाच-सहा वर्षे एखाद्या प्रथिनावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने त्या प्रथिनाच्या बिघाडामुळे आजारी पडलेला एकही माणूस पाहिलेला नसे. 2005 च्या सुमारास हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटने नेमक्या या विद्यार्थ्यांसाठी वेगळी योजना काढली: त्यांना डॉक्टर करायचे नाही, पण रोगशास्त्र शिकवायचे, डॉक्टरांबरोबर राउंडला न्यायचे, आणि पीएच.डी.च्या मार्गदर्शकाबरोबर रुग्णसेवेतला दुसरा मार्गदर्शक द्यायचा. मला स्वतःला ही दुसरी कल्पना आपल्याकडे अधिक उपयोगी वाटते, कारण एमडी आणि पीएच.डी. दोन्ही करण्याइतका वेळ आणि पैसा आपल्याकडच्या फार थोड्या घरांना परवडतो.

प्रश्न 3. आपल्याकडे कोणकोणते मार्ग उपलब्ध आहेत?

एमबीबीएस झालेल्यांसाठी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि विकृतिशास्त्र या विषयांतील तीन वर्षांची एमडी हा सर्वांत सरळ मार्ग आहे, आणि त्याचा प्रवेश ‘नीट पीजी’मधून होतो. छत्रपती संभाजीनगरची घाटी म्हणजे तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1956 पासून, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण महाविद्यालय 1970 च्या दशकापासून, तर नांदेडचे शासकीय महाविद्यालय 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे; लातूरची विलासराव देशमुख संस्था त्यानंतरची. कोणत्या विषयाच्या किती जागा आहेत हे दर वर्षीच्या तक्त्यात पाहावे.

बी.एस्सी. झालेल्यांसाठी तीन वर्षांची वैद्यकीय एम.एस्सी. असते. ती नेहमीच्या दोन वर्षांच्या एम.एस्सी.पेक्षा वेगळी आहे, कारण ती वैद्यकीय महाविद्यालयातच होते आणि विद्यार्थी रुग्णालयाच्या आवारात वावरतो. विद्यापीठातून जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानाची एम.एस्सी. करून पुढे पीएच.डी.त रुग्णालयाशी संबंधित विषय घेणारेही अनेक आहेत. आयआयटी खरगपूरचा वैद्यकीय विज्ञान आणि तंत्रज्ञानातील पदव्युत्तर अभ्यासक्रम एमबीबीएस डॉक्टरांना अभियंत्यांच्या शेजारी बसवतो. राज्यातच राहायचे असेल तर पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, मुंबईत केईएमच्या आवारातली रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आणि खारघरचे टाटा स्मारकाचे संशोधन केंद्र ही नावे विद्यार्थ्यांना माहीत असायला हवीत. देवगिरी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबई गाठता येते. प्रवेशाआधी एकदा जाऊन पाहून यावे.

प्रश्न 4. नीटमध्ये गुण कमी पडले. वैद्यकीय एम.एस्सी. केली तर मुलाला डॉक्टर होता येईल का?

नाही. तो रुग्ण तपासू शकणार नाही, औषध लिहून देऊ शकणार नाही. पीएच.डी. झाल्यावर नावापुढे ‘डॉ.’ लागते, पण त्याने व्यवसायाचा परवाना मिळत नाही. कोणी एजंट याहून वेगळे सांगत असेल तर त्याच्यापासून दूर राहावे. मुलाला रुग्णसेवाच करायची असेल तर हा मार्ग त्याच्यासाठी नाही, आणि हे पहिल्याच भेटीत बोललेले बरे.

प्रश्न 5. नॉन-क्लिनिकल एमडी (ज्या विषयांत थेट रुग्णांवर उपचार करायचे नसतात त्यांची) म्हणजे क्लिनिकल ब्रँच न मिळालेल्यांची जागा, असे सगळे म्हणतात. ते खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मेडिसिन, बालरोग, त्वचारोग, क्ष-किरण या जागा आधी भरतात आणि आमच्या विषयांच्या जागा फेरीमागून फेरी गेली तरी रिकाम्या राहतात. आलेल्यांपैकी काहीजण पहिले सहा महिने पुन्हा ‘नीट’ देण्याच्या तयारीतच घालवतात. मी त्यांना अडवत नाही. ज्याचे मन दुसरीकडे आहे त्याच्याकडून प्रबंध लिहून घेण्यात दोघांचेही नुकसान असते.

पण जो राहतो त्याने आपली जागा ‘उरलेली’ समजू नये. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमांमुळे आता प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करावे लागते. विद्यार्थी त्याला ‘डीआरपी’ (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम) म्हणतात आणि आमच्या विषयांचे विद्यार्थी हे तीन महिने कसेबसे काढतात. वास्तविक हीच संधी आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणीचा अहवाल येईपर्यंत रुग्ण घरी निघून गेलेला असतो, एखाद्या तपासणीची रसायने दोन-दोन महिने आलेली नसतात, आणि डॉक्टर केवळ बोटांनी नाडी व डोळ्यांनी जीभ पाहून निर्णय घेत असतात. ‘येथे कोणती एक तपासणी असती तर निर्णय बदलला असता?’ हा प्रश्न तेथे रोज समोर येतो. सरकारी जागेवर शिकल्यानंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा म्हणजे बॉण्डही असतो. त्याचे नियम प्रवेशापूर्वी वाचून घ्यावेत.

प्रश्न 6. मराठवाड्यात असे जोडणारे काम प्रत्यक्ष कधी झाले आहे का?

झाले आहे, आणि त्याची नोंद जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे, हे आपल्याच विद्यार्थ्यांना ठाऊक नसते याचे मला नवल वाटते.

गर्भाशयमुखाचा कर्करोग आपल्या ग्रामीण भागातल्या बायकांना फार उशिरा कळतो. ‘अंगावरून पांढरं जातंय’ एवढे सांगायलाही बाईला वर्ष-दोन वर्षे लागतात, आणि ती येते तेव्हा रोग पसरलेला असतो. हा रोग विषाणूमुळे होतो असा विचार जर्मनीतील हाराल्ड त्सूर हाउजेन यांनी मांडला तेव्हा फारसे कोणी मानायला तयार नव्हते. 1983 मध्ये त्यांच्या गटाने अशा गाठींमध्ये मानवी पॅपिलोमा विषाणूचा 16 क्रमांकाचा प्रकार आणि पुढच्याच वर्षी 18 क्रमांकाचा प्रकार शोधून काढला. 2008 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे सगळे डीएनएचे काम होते, प्रयोगशाळेतल्या बाकावर बसून केलेले.

आता दुसरे टोक पाहा. विषाणूचा डीएनए ओळखणारी चाचणी तयार झाली, पण ती खेड्यातल्या बाईचा जीव वाचवते का, हे प्रयोगशाळेत कळण्यासारखे नव्हते. ते तपासले गेले तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून गावांचे 52 समूह पाडले आणि 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रियांना त्यात सामावून घेतले. चार गट होते: एकाला विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पेशींची पॅप चाचणी, तिसऱ्याला व्हिनेगरसारखे सौम्य ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची पद्धत, आणि चौथ्याला नेहमीची आरोग्यसेवा. चाचणी आयुष्यात एकदाच झाली आणि पुढे आठ वर्षे लक्ष ठेवले गेले. 2009 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले: या कर्करोगाने चौथ्या गटात 64 स्त्रिया दगावल्या होत्या, विषाणू चाचणीच्या गटात 34. पॅप चाचणी आणि ॲसिटिक आम्लाच्या गटांत मृत्यूंमध्ये ठळक घट दिसली नाही.

या प्रयोगात किती प्रकारची माणसे लागली असतील याचा विचार करा. कोणत्या विषाणूप्रकाराचा डीएनए शोधायचा हे जाणणारा, नमुन्याची नळी कोणत्या तापमानाला किती तास टिकते हे जाणणारा, गावांचे समूह का पाडायचे आणि गट ठरवण्यासाठी एकेका बाईची चिठ्ठी का काढायची नाही हे जाणणारा, आणि वस्तीवर जाऊन सासूच्या देखत सुनेची परवानगी मागणारी. यांतल्या प्रत्येकाला दुसऱ्याचे काम थोडे तरी कळावे लागते.

याच प्रयोगावर पुढे टीकाही झाली, आणि ती विद्यार्थ्यांनी वाचलीच पाहिजे. चौथ्या गटातल्या स्त्रियांची तपासणी न करता त्यांच्यावर केवळ लक्ष ठेवणे योग्य होते का? करणाऱ्यांचे म्हणणे असे की त्या काळी तेथे कोणतीच तपासणी नियमित होत नव्हती, त्यामुळे ‘नेहमीची सेवा’ म्हणजे तेच. टीकाकारांचे म्हणणे असे की स्वस्त पद्धती उपयोगी असल्याचे आधीच माहीत होते. मी वर्गात हा वाद सोडवत नाही. दोन्ही बाजू मांडायला लावते.

प्रश्न 7. आमच्याकडे मोठी प्रयोगशाळाच नाही. मग असे काम कसे होणार?

जालना जिल्ह्यातील देहेड या गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1970 च्या दशकात कोकणातील महाड परिसरात प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी धरली, तेव्हा तेथे लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत होती. त्यांच्याकडे यंत्रे नव्हती. त्यांनी रुग्णाशेजारी बसून तासातासाला नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा आणि श्वास लिहून ठेवला. त्या नोंदींतून दिसले की विष मज्जातंतूंना डिवचते, शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि थकलेल्या हृदयामुळे फुप्फुसात पाणी भरते. मग औषधशास्त्राचा प्रश्न उरतो: त्या द्रव्यांचा रक्तवाहिन्यांवरचा परिणाम कोण अडवेल? रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे अल्फा ग्राहक (ही द्रव्ये रक्तवाहिन्यांवर जेथे चिकटतात त्या जागा) अडवणारे साधे, स्वस्त, तोंडाने घ्यायचे औषध होते. 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याबद्दल त्यांचा लेख आला, 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्राझोसिन एकटे आणि प्राझोसिनबरोबर प्रतिविष यांची तुलना करणारी चाचणी प्रसिद्ध झाली. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या उदाहरणाने कोणी असा निष्कर्ष काढू नये की प्रयोगशाळा नसली तरी चालते. विंचवाच्या विषाने मज्जातंतूंमधली सोडियमची दारे उघडी राहतात हे कोणीतरी प्रयोगशाळेतच दाखवले होते. पण वॉर्डातल्या नोंदीशिवाय ती माहिती त्या मुलांपर्यंत पोहोचली नसती.

प्रश्न 8. पीएच.डी.ला किती वर्षे लागतात आणि या काळात पैसे किती मिळतात?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. त्यात कोर्सवर्कचा समावेश आहे. माझ्या अनुभवात रुग्णांवर आधारलेला विषय चार-साडेचार वर्षांखाली संपत नाही. प्रवेशासाठी ‘नेट’ ही राष्ट्रीय परीक्षा किंवा विद्यापीठाची ‘पेट’ ही पीएच.डी. प्रवेश परीक्षा लागते. राष्ट्रीय पातळीवरची कनिष्ठ शिष्यवृत्ती 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आणि वरिष्ठ शिष्यवृत्ती 42,000 रुपये आहे, त्यावर नियमांप्रमाणे घरभाडे. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही शिष्यवृत्त्या आहेत, पण त्यांचे हप्ते वेळेवर येतील असे गृहीत धरून खोलीचे भाडे ठरवू नये.

प्रश्न 9. मार्गदर्शक कसा निवडावा?

दोन निवडावेत. एक प्रयोगशाळेतला आणि एक रुग्ण पाहणारा. दुसऱ्याचे नाव कागदावर ‘सह-मार्गदर्शक’ असले तरी तो खरोखरच आठवड्यातून एकदा तुम्हाला वेळ देतो का, हे आधीच्या विद्यार्थ्यांना विचारावे. त्यांना चहाला न्यावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात: सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा किती वेळा बदलावा लागला, नमुने कोण गोळा करते, आणि शेवटच्या शोधनिबंधावर पहिले नाव कोणाचे होते. तिसऱ्या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरापेक्षा उत्तराआधीची शांतता अधिक सांगून जाते.

प्रश्न 10. मी डॉक्टर नाही. वॉर्डात जाऊन मी काय करायचे?

पहिले काही आठवडे फक्त उभे राहायचे आणि ऐकायचे. रुग्णाला हात लावायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, केसपेपरचा फोटो काढायचा नाही, आणि कोणी ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारली तर तेथल्या तेथे दुरुस्त करायचे: ‘मावशी, मी डॉक्टर नाही, मी शिकायला आले आहे.’

ऐकायचे काय, तर रुग्णाचे शब्द. मधुमेहाच्या नसांच्या आजाराला पुस्तकात एक नाव आहे, पण आजोबा सांगतात की ‘चप्पल पायातून कवा निसटली ते कळतच नाही.’ या वाक्यात संवेदना जाण्याचे वर्णन आहे, कालावधी आहे आणि जखम होण्याचा धोकाही आहे. ‘जीव घाबरा होतो’ हे वाक्य एक बाई रक्त कमी झाल्यामुळे म्हणते, दुसरी थायरॉइडमुळे आणि तिसरी घरातल्या काळजीमुळे. प्रयोगशाळेत तिन्हींचे फक्त नमुने येतात. माझी एक विद्यार्थिनी वॉर्डातून येताना अशी वाक्ये वहीत लिहून आणायची आणि समोर आपल्या तपासणीचा आकडा मांडायची. तिच्या प्रबंधाची चर्चा मला त्या वहीतूनच तयार झालेली दिसली.

प्रश्न 11. विषय कोणता घ्यावा?

जो विषय तुमच्या जिल्ह्यात रोज ओपीडीत येतो तो. ‘अमुक दर्शकाचे (रक्तात मोजायच्या खुणेचे) तमुक रोगातील प्रमाण’ या साच्यातले प्रबंध दर वर्षी शेकड्यांनी लिहिले जातात आणि कपाटात जातात. किट विकणाऱ्या कंपनीशिवाय त्यांचा कोणाला फायदा होतो असे मला दिसलेले नाही.

त्याऐवजी नांदेड जिल्ह्यातील किनवट आणि माहूरचे सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार, पाहा. 1949 मध्ये लायनस पॉलिंग यांच्या गटाने या रोगाला ‘रेणूचा आजार’ म्हटले, 1956-57 मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी हिमोग्लोबिनच्या साखळीतला एकच बदललेला घटक दाखवला, आणि तरीही त्याच बदलाची दोन भावंडे घ्या: एक दर पावसाळ्यात वेदनेने तळमळते, दुसरे शेतात राबते. का? हायड्रॉक्सियुरिया हे औषध दिल्यावर गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन कोणात किती वाढते? देशात 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम चालू आहे, त्यामुळे तपासणीची साधने पूर्वीपेक्षा जवळ आली आहेत. किनवट भागातच पाण्यातल्या फ्लोराइडचाही प्रश्न आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1.5 मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानली जाते, पण उन्हात राबणारा माणूस दिवसाला किती लिटर पितो याचा हिशेब त्या आकड्यात दिसत नाही.

बीड जिल्ह्यात रुग्णांवर दीर्घकाळ लक्ष ठेवायचे असेल तर पंचांग नव्हे, ऊसतोडीचे वेळापत्रक पाहावे. दसरा झाला की मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, गाव सोडतात आणि पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच, परत येतात. ऑगस्टमध्ये नोंदवलेला रुग्ण नोव्हेंबरच्या फेरतपासणीला येणार नाही हे सिनॉप्सिस लिहितानाच समजायला हवे. ‘रुग्ण पाठपुराव्यातून निसटले’ असे प्रबंधात लिहिणारा विद्यार्थी खरे तर स्वतःच निसटलेला असतो.

प्रश्न 12. एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी ही औपचारिकताच आहे का?

नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे वाचल्याशिवाय समितीपुढे जाऊ नये. रुग्णांवरील चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी राष्ट्रीय नोंदणीत तिची नोंद हवी. ही नोंदणी 2007 मध्ये सुरू झाली आणि 2009 पासून औषध चाचण्यांना बंधनकारक आहे. संमतिपत्राचे मराठी मात्र बहुतेक वेळा वाचवत नाही. ‘सदर संशोधनात सहभागाने उद्भवू शकणाऱ्या जोखमींबाबत मला अवगत करण्यात आले आहे’ हे वाक्य सही करणाऱ्याला कळत नाही आणि खरे सांगायचे तर ते लिहिणाऱ्यालाही फारसे कळलेले नसते. ‘तुमचे दोन चमचे रक्त घेऊ. सुई टोचेल, थोडे निळे पडू शकते. नाही म्हणालात तरी तुमच्या इलाजात काही फरक पडणार नाही.’ असे लिहावे. अंगठा घ्यायचा असेल तर साक्षीदार आपल्या विभागातला नसावा.

प्रश्न 13. नमुने साठवण्याची सोय कशी पाहावी?

प्रवेश घेण्यापूर्वी विभागातला डीप फ्रीझर उघडून पाहावा आणि त्याच्या मागे कोणता जनरेटर आहे हे विचारावे. मी विद्यार्थिनी असताना एका महाविद्यालयात मे महिन्यात शनिवारी रात्री वीज गेली, जनरेटरमध्ये डिझेल नव्हते, आणि सोमवारी सकाळी दार उघडले तेव्हा अकरा महिन्यांचे सीरम कोमट होऊन पडले होते. नळ्यांवरची शाई पाण्याने ओघळून नावे एकमेकांत मिसळली होती. तेव्हापासून मी प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करते आणि दुसरा भाग दुसऱ्या इमारतीत ठेवते. शाईऐवजी पेन्सिलने लिहून वर चिकटपट्टी लावते.

प्रश्न 14. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. अडचण येईल का?

पहिले सहा महिने येईल. प्रबंध आणि व्हायव्हा (तोंडी परीक्षा) इंग्रजीत असतात. रोज एका शोधनिबंधाचा गोषवारा वाचून त्याचा सार आधी मराठीत चार ओळींत लिहावा. मराठीत लिहिता आला नाही तर तो समजलेला नाही असे मानावे. वॉर्डात मात्र तुमची बाजू वरचढ असेल.

प्रश्न 15. पुढे नोकरी कोठे मिळते?

एमडी झालेल्यांना वैद्यकीय महाविद्यालयांत आणि मोठ्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत. एम.एस्सी. आणि पीएच.डी. झालेल्यांच्या अध्यापनाच्या जागांवर 2020 च्या नियमांनी मोठी मर्यादा आणली आणि त्यानंतरही नियम बदलले आहेत, म्हणून केवळ वैद्यकीय महाविद्यालयातली शिक्षकाची जागा डोळ्यांपुढे ठेवून हा मार्ग धरू नये. पुण्यातल्या लस आणि औषध कंपन्या, औषध चाचण्यांचे व्यवस्थापन, निदान प्रयोगशाळांची गुणवत्ता तपासणी, आणि संशोधन परिषदेच्या संस्था येथे अशा माणसांची गरज असते. त्यासाठी रुग्णालयात प्रत्यक्ष घालवलेले महिने तुमच्या अर्जात तारखांसह दिसायला हवेत.

प्रश्न 16. मी सध्या एमबीबीएसला आहे. पदव्युत्तर शिक्षणाची वाट न पाहता आताच काही करता येईल का?

संशोधन परिषदेची विद्यार्थ्यांसाठीची अल्पकालीन शिष्यवृत्ती 1979 पासून चालू आहे; विद्यार्थी तिला ‘एसटीएस’ म्हणतात. दोन महिन्यांचे छोटे काम, एक मार्गदर्शक आणि शेवटी अहवाल, एवढेच तिचे स्वरूप आहे. विषय छोटा घ्यावा: वॉर्डातून निघालेला नमुना लॅबमध्ये पोहोचायला किती मिनिटे लागतात आणि त्यातले किती गुलाबी होतात, एवढा विषयही पुरतो. पदव्युत्तर प्रवेश झाल्यावर चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा ऑनलाइन मूलभूत अभ्यासक्रम करावाच लागतो. त्याचे व्हिडिओ आधीच पाहता आले तर संख्याशास्त्राची भीती कमी होते.

प्रश्न 17. विभागात भेटायला केव्हा यावे?

दुपारी दोननंतर. सकाळी नमुन्यांची गर्दी असते आणि कोणीही नीट बोलू शकत नाही. येताना गुणपत्रिकेबरोबर एक पान लिहून आणावे: घरातला, शेजारचा किंवा गावातला एखादा आजारी माणूस, त्याने स्वतःच्या शब्दांत काय सांगितले, आणि त्यातले काय तुम्हाला समजले नाही.